‘मागे सगळं सांभाळलं’ या वाक्यातलं ‘सगळं’

मराठी ऐतिहासिक कादंबरीत, मालिकेत आणि आता रीलमध्येही एक प्रसंग ठरलेला आहे. दसरा झालाय, सीमोल्लंघन उरकलंय, बाहेर घोडे फुरफुरतायत. नवरा स्वारीवर निघतो. बायको ओवाळते, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच ठेवते. तो दिंडी दरवाजातून बाहेर पडला की कॅमेरा तिच्या कमरेच्या किल्ल्यांवर येतो. पुढचे सात-आठ महिने, पावसाच्या तोंडावर फौजा परतेपर्यंत, वाडा तिचा. कारभारी येऊन तिच्यासमोर अदबीने उभे राहतात. ती हिशोब विचारते, कुणाला तरी खडसावते, सावकाराला थोपवते. आणि मग निवेदक सांगतो, की पुरुष रणांगणावर असताना तिने मागे सगळं सांभाळलं.

आठ मार्चच्या आसपास हे वाक्य माझ्या फोनवर किमान दहा वेळा येतं. कधी ऑफिसच्या ग्रुपवर, कधी शाळेच्या, कधी घरच्या. मला ते आवडतंही. घर, शेत, हिशोब, माणसं हे सगळं एकटीने पेलणारी बाई कुणाला आवडणार नाही? पण हळूहळू त्यातल्या ‘सगळं’ या शब्दाशी माझं अडायला लागलं. सगळं म्हणजे काय काय? धान्याची कोठारं, गुरं, जमिनी, येणं-देणं इतकं लगेच आठवतं. त्या यादीत माणसंही होती. पगारी नोकर, कुळं, बलुतेदार सोडून आणखीही माणसं होती, विकत घेतलेली. आणि त्यांच्याविषयी आपलं ऐतिहासिक साहित्य इतकं शिताफीने बोलतं, की वाचून संपल्यावरही ती होती हे आपल्याला कळत नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. १८३१ सालचा कोश, १८५७ ची सुधारलेली आवृत्ती. त्यात ‘कुणबीण’ शोधा. आपण समजतो तो कुणब्याची बायको हा अर्थ आहेच, पण दुसराही आहे, गुलाम स्त्री. ‘बटीक’ शोधा, तिथेही तेच. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम तेरा वर्षं झाली होती, तेव्हा हे शब्द रोजच्या वापरातले होते आणि त्यांचा अर्थ सांगताना कोशकाराला आडपडदा लागला नाही. आज ‘बटीक’ आपल्याकडे उरलाय तो शिवी म्हणून किंवा ‘सत्तेची बटीक’ असल्या अग्रलेखी वाक्यात. या नावाची खरी बाई कुणाच्या तरी अंगणात शेण उचलत होती, हे त्यातून गळून गेलं.

अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात या बायका कुठून येत होत्या, हे दप्तरांतून बऱ्यापैकी स्पष्ट आहे. काही स्वाऱ्यांमध्ये धरून आणलेल्या. काही दुष्काळात आईबापांनी किंवा नातेवाइकांनी विकलेल्या. काहींवर बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा आरोप शाबीत झाला म्हणून सरकारनेच त्यांना कुणबिणी केलं. कुणबिणीच्या पोटी जन्मलेली मुलगी बहुधा कुणबीणच होई. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीस दिल्या जात, त्यांच्या अदलाबदलीचे हिशोब ठेवले जात. शनिवारवाड्यापासून किल्ल्यांवरच्या कोठ्यांपर्यंत आणि सरदारांपासून बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या घरांपर्यंत त्या होत्या. दळण, कांडण, पाणी, गुरांचं शेणगोठा, बाळंतिणीची कामं, धान्याची उचलटाक, शेतातलं काम. आणि मालकाला वाटेल तेव्हा त्याचा बिछाना. पी. ए. गवळी यांचं ‘पेशवेकालीन गुलामगिरी व अस्पृश्यता’ हे मराठी पुस्तक या विषयावर आहे. सुमित गुहांचा पश्चिम भारतातल्या गुलामीवरचा इंग्रजी निबंध २००६ च्या एका संग्रहात आहे. उमा चक्रवर्तींनी पेशवाईत स्त्रियांच्या लैंगिकतेवर राज्यसंस्था कशी नजर ठेवत होती, यावर लिहिलंय. थोडक्यात, हे काही कुणी गुप्त ठेवलेलं प्रकरण नाही. कागद आहेत, इतिहासकारांनी ते वाचलेत. आपल्या गोष्टींनी मात्र वाचले नाहीत.

आता पुन्हा त्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे या. नवरा आठ महिने बाहेर आहे. वाड्यात दहा-बारा कुणबिणी आहेत. त्यांना पहाटे उठवणारी कोण? जात्यावर किती धान्य बसायचं ते मोजून देणारी कोण? एखादी आजारी पडली तर ती खरंच आजारी आहे की ढोंग करतेय, हे ठरवणारी कोण? एखादी पळाली तर माणसं पाठवणारी कोण? स्वारीवर गेलेला नवरा यातलं काही करू शकत नव्हता. घराच्या आतला कारभार बाईच्या हातात होता, हे तर आपण कौतुकाने सांगतोच. मग त्या कारभाराचा हा भागही तिच्याच हातात होता. कर्तबगारी मान्य करायची तर अख्खी करायला हवी.

यात मोठी नावं येणारच. पहिल्या बाजीरावाची बहीण अनुबाई घोरपडे हिने नवऱ्याच्या मागे इचलकरंजीच्या जहागिरीचा कारभार वर्षानुवर्षं पाहिला. अहिल्याबाईंना मल्हारराव होळकरांनी १७६५ च्या सुमारास लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यांत तोफखाना ग्वाल्हेरकडे न्या, दारूगोळ्याची तजवीज करा, अशा नेमक्या सूचना आहेत. प्रेमळ सासरे लाडक्या सुनेला लिहितायत असं त्यात काही नाही, एक सेनापती आपल्या भरवशाच्या अधिकाऱ्याला लिहितोय. माझ्या मते आपल्या कुठल्याही मालिकेपेक्षा ही पत्रं अहिल्याबाईंना जास्त मोठं करतात. या बायकांची उंची कमी करायची मला जराही हौस नाही. माझा प्रश्न त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना आहे.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने कुणबिणीचं काय केलं? तिला दासी केलं. हा बदल वरवर साधा वाटतो, पण तो फार कामाचा आहे. ‘दासी’ हा शब्द संस्कृत नाटकातून येतो, त्याला चंदनाचा वास आहे. दासी पडदा सारते, निरोप आणते, बाईसाहेबांच्या केसांत फुलं माळते आणि बाईसाहेब उदास असल्या की त्यांचं म्हणणं ऐकून घेते. तिला स्वतःचं गाव नसतं, भूक नसते, मूल नसतं. ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘राऊ’ (१९७२) या दोन कादंबऱ्यांनी पेशव्यांच्या घरातलं खाजगी जग मराठी वाचकाच्या मनात कायमचं उभं केलं. रणजित देसाई आणि ना. सं. इनामदार दोघेही मोठे कथनकार, यात वाद नाही. पण त्यांच्या मागून आलेली सगळी वाडा-परंपरा पाहिली, तर कुणबीण हा शब्द क्वचित कुठे येतो, माणूस येत नाही. बाजूच्या एखाद्या प्रसंगात कुणाची तरी विक्री निघते, नायक हळहळतो, त्याचा मोठेपणा आपल्याला कळतो आणि कथा पुढे जाते. विकली गेलेली ती बाई दुसऱ्या दिवशी कुठे उठली, तिथे तिला पहिलं काम कोणी सांगितलं, हे कादंबरीला नको असतं.

सिनेमाने तर प्रश्नच मिटवला. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) मधला शनिवारवाडा आठवा. आरसेमहाल, दिव्यांच्या रांगांवर रांगा, चकचकीत फरशा. चित्रपट काशीबाईच्या एकटेपणावर खूप मेहनत घेतो आणि प्रियांका चोप्राने ते एकटेपण उत्तम केलंय. पण मी दुसऱ्यांदा पाहताना दिवेच मोजत बसले. इतक्या समयांत रोज तेल कोण घालत असेल? काजळी कोण पुसत असेल? पडद्यावर ज्या बायका दिसतात त्यांची लुगडी एका रंगात, दागिने बेतशीर आणि चेहरे आनंदी. त्या सेटचा भाग आहेत. नायिका एकटी आहे असं आपल्याला वाटावं म्हणून खोलीतल्या चार बायका ‘कुणी नाहीत’ अशा धरायच्या, ही त्या दृश्याची अट आहे. आपण ती अट न कुरकुरता मान्य करतो. मीही सिनेमा बघताना हुंदका दिलाच की.

ही चाल जगात आपण एकट्यांनी खेळलेली नाही. तुलनेसाठी अमेरिकेकडे जावं लागतं, आणि तिकडे जायचा रस्ता आपल्याकडच्याच एका पुस्तकाने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवलाय. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून फुल्यांना तिकडचं आणि इकडचं एका ओळीत दिसत होतं. आपण मात्र हॉलिवुडमधली गुलामी बघून हळहळतो आणि पुढचा चॅनल लावून वाड्यातल्या दासींचं नृत्य बघतो.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या राज्यांनी एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू केली आणि मळ्यांचे मालक, त्यांची मुलं, मुकादम लढाईवर गेले. मागे राहिल्या बायका, मुलं, म्हातारे आणि गुलाम. दक्षिणेत तेव्हा जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती. ऑक्टोबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या सरकारने एक सवलत दिली. ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम आहेत, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट. गरीब सैनिक यावर भडकले, कारण त्यांच्या घरी नांगर धरायला कुणी नव्हतं. मला यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं. मळा ‘सांभाळणं’ म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या या कायद्यात आहे. कापूस कधी वेचायचा, मका किती पेरायचा, हे बायकांना कळत नव्हतं म्हणून पुरुष ठेवायचा नव्हता. वीस माणसांना धाकात ठेवायला चाबूक धरणारा हात हवा, म्हणून ठेवायचा होता.

तो हात जिथे मिळाला नाही तिथे काय झालं, हे ड्रू गिल्पिन फॉस्ट या इतिहासकार बाईंनी १९९६ च्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या पुस्तकात मालकिणींच्या पत्रांवरून आणि रोजनिशांवरून दाखवलं. त्यातली लिझी नेब्लेट माझ्या डोक्यातून जात नाही. टेक्ससमधली. नवरा विल १८६३ मध्ये सैन्यात गेला आणि शेत, लेकरं आणि अकरा गुलाम तिच्या गळ्यात पडले. ती नवऱ्याला लांबलचक पत्रं लिहिते. गुलाम ऐकत नाहीत, कामं टाळतात, मला हे जमत नाही, मी थकले. या पत्रांत एक दमलेली, घाबरलेली, चिडलेली, खरीखुरी बाई आहे आणि तिची दया येते. मग तीच सांगते, की गुलामांना फटके मारायला शेजारच्या एका माणसाला तिने ठरवलंय, तो येऊन जातो. दया तशीच राहते आणि तरी पोटात ढवळतं. चांगल्या कादंबरीने नेमकं हेच करायला हवं. नेब्लेटबाईंच्या पत्रांनी ते कादंबरी न होताच केलं.

फॉस्टच्या पुढे थावोलिया ग्लिम्फ गेल्या. २००८ च्या पुस्तकात त्यांनी म्हटलं, की मळ्यावरचं मोठं घर हे घर नव्हतंच, ते कामाचं ठिकाण होतं आणि मालकीण तिथली बॉस होती. मारहाण ही तिच्या रोजच्या कामकाजात बसणारी गोष्ट होती. युद्धामुळे बिचारीवर ओढवलेला अपवाद नव्हे. २०१९ मध्ये स्टेफनी जोन्स-रॉजर्स यांनी दाखवलं, की अनेक गोऱ्या बायकांच्या स्वतःच्या नावावर गुलाम होते आणि बाजारात त्या घासाघीस करून खरेदी-विक्री करत. नवऱ्याच्या मागे त्यांच्यावर जबाबदारी येऊन पडली, ही गोष्टच अर्धी होती. नवरा घरी असतानाही त्या मालकिणीच होत्या.

आता या वास्तवाचं तिकडच्या गोष्टींनी काय केलं ते पाहा. मार्गारेट मिचेलची ‘गॉन विथ द विंड’ १९३६ ची, सिनेमा १९३९ चा. स्कार्लेट युद्धातून आपल्या मळ्यावर परतते तेव्हा आई मेलेली, वडील भ्रमिष्ट, कोठार रिकामं. ती उपाशी पोटी मातीत उभी राहून शपथ घेते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ‘एकटीने सांभाळणाऱ्या बाई’चं हे जगातलं सगळ्यात गाजलेलं चित्र. फक्त ती एकटी नसते. मॅमी, पोर्क, प्रिसी तिथेच असतात, स्कार्लेटइतकेच उपाशी. त्यांची शपथ कुणी ऐकत नाही. मॅमी हे तर नावही नाही, ती दाईची पदवी आहे. हजारभर पानांच्या कादंबरीत त्या बाईला स्वतःचं नाव मिळालं नाही. ती भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण सिनेमाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलं नाही आणि ऑस्करच्या समारंभात तिचं टेबल वेगळं होतं. २००१ साली अ‍ॅलिस रँडलने हीच कथा मॅमीच्या मुलीच्या तोंडून सांगणारी कादंबरी लिहिली, तेव्हा मिचेलच्या वारसांनी तिला कोर्टात खेचलं.

दुसरं उदाहरण अलीकडचं आणि मला जास्त कोड्यात टाकणारं. सोफिया कोपोलाचा ‘द बिगाइल्ड’ (२०१७). व्हर्जिनिया, १८६४. खांबांचं पांढरं घर, त्यात मुलींची शाळा, बाहेर तोफांचे आवाज, पुरुष सगळे लढाईवर. निकोल किडमन आणि सहा-सात मुली-बायका स्वतः बागेत खणतात, कपडे शिवतात, प्रार्थना करतात. या कथेच्या मूळ १९६६ च्या कादंबरीत एक गुलाम स्त्री आहे, १९७१ च्या सिनेमातही आहे. कोपोलाने ती काढून टाकली. गुलाम निघून गेले, असं एका वाक्यात सांगितलं की झालं. टीका झाली तेव्हा तिचं म्हणणं साधारण असं होतं, की इतका गंभीर विषय जाता जाता हाताळायचा नव्हता, म्हणून तो घेतलाच नाही.

माझं मत दोन्ही बाजूंनी थोडं बोचणारं आहे. कोपोलाचा सिनेमा मला अपुरा वाटतो, पण मराठी वाड्यांतल्या हसऱ्या दासींपेक्षा तो प्रामाणिक आहे. रिकामी जागा निदान रिकामी दिसते. त्या पांढऱ्या घरात गवत माजलंय, बायकांच्या हातांना बागकामाची सवय नाही आणि हे घर कोणाच्या तरी जिवावर चालत होतं ते आता गेलेत, हे चौकटीत न दाखवता जाणवतं. आपल्याकडे मात्र जागा रिकामी नसतेच. तिथे पगारी वाटावी अशी, निष्ठावान, गोड बाई बसवलेली असते. तिच्यामुळे प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. त्या काळात चालायचंच हे, आजच्या फूटपट्टीने कालचं कशाला मोजता? हे उत्तर दोन कारणांनी मला पटत नाही. एक, कुणबिणी पळून जात होत्या. त्यांच्या पळण्याच्या, त्यांना शोधून आणण्याच्या नोंदी आहेत. ‘चालायचंच’ म्हणणाऱ्या काळात ही माणसं मोजलीच जात नाहीत. ज्यांना ते चालत नव्हतं त्या पायांनी मत देऊन जात होत्या. दुसरं, वरून ‘चालणार नाही’ म्हणणारेही होते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये डच कंपनीला व्यापाराचा कौल दिला, त्यात आपल्या मुलखात गुलामांची खरेदी-विक्री करू दिली जाणार नाही, असं कलम आहे. शंभर वर्षांनंतरच्या पुण्याला माहीत नव्हतं असं म्हणावं, तर ते त्याच महाराजांचं नाव घेत राज्य करत होते.

आणि पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी युद्ध संपलं तेव्हा मराठ्यांच्या छावणीतल्या हजारो बायका आणि मुलं अब्दालीच्या सैन्याने गुलाम म्हणून वाटून घेतली. पानिपतावर मराठीत जे काही लिहिलं गेलं, त्यात या बायकांसाठी शोक आहे आणि तो असायलाच हवा. लहानपणी मी विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ वाचलं तेव्हा मला लढाईपेक्षा त्यानंतरची पानं जड गेली होती. गुलाम होणं काय असतं, हे आपल्याला तिथे पुरेपूर कळतं. भाषा आहे, कल्पनाशक्ती आहे, डोळ्यांत पाणी आहे. त्याच दिवशी पुण्यातल्या एखाद्या वाड्यात, अशाच कुठल्यातरी मुलखातून अशीच धरून आणलेली एखादी बाई जात्यावर बसली होती. तिच्या गावीही तिच्यासाठी कुणी रडलं असेल. त्या वाड्याच्या मालकिणीला आपला नवरा पानिपतावर कामी आला की जिवंत आहे, हे कळायला अजून कित्येक दिवस होते. ती वाट बघत होती आणि तिच्यासाठी पाणी तापवणारीही कधीकाळी कुणाची तरी वाट बघून थकली होती. या दोन बायका एका खोलीत आहेत. इतकं मोठं दृश्य आपल्या कादंबरीने अडीचशे वर्षांत घेतलं नाही, याचं मला वाचक म्हणून खरंच वाईट वाटतं.

हे सगळं पुण्याच्या वाड्यांपुरतं ठेवून आमच्या मराठवाड्याला बाजूला काढता आलं असतं. मी शिरड शहापूरची. औंढा नागनाथ तालुका, तेव्हाचा परभणी आणि १९९९ पासून हिंगोली जिल्हा. आमचा मुलूख निजामाचा. कंपनी सरकारच्या कोर्टांनी गुलामीचा हक्क मानायचा नाही हा १८४३ चा कायदा, गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवणारी १८६० ची दंडसंहिता, हे सगळं इंग्रजी मुलखाचं. आमच्याकडे १९३६ साली हैदराबाद संस्थानाला ‘भागेला’ करारांवर नियम करावे लागले. कर्जापोटी माणूस सावकाराच्या शेतात बांधला जाई, ती ही पद्धत. तेलंगणात ती जास्त फोफावली, पण नियम साऱ्या संस्थानाला होते. पुढे १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला तेव्हा त्यात देशभरच्या अशा पद्धतींची स्थानिक नावं दिली गेली. त्या यादीत ‘भागेला’ आहे, ‘वेट्टी’ही आहे.

आमच्या घरातही एक ‘मागे सगळं सांभाळलं’ आहे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दिवसांत इकडचे पुष्कळ पुरुष सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले होते, उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे कॅम्प होते. माझे पणजोबाही त्यांत गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन होऊन सगळं निवळेपर्यंत पणजीने, घरात तिला मोठ्याई म्हणत, शेत पडू दिलं नाही. ज्वारी काढली, कापूस घरात आणला, रात्री लेकरं घेऊन माळ्यावर झोपली. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मला त्या माळ्याचा वास माहीत आहे. गेल्या दिवाळीत मी वडिलांना आणि आत्याला विचारलं, तेव्हा शेतात कामाला कोण होतं? सालगडी होते दोन. नावं? बैलांची नावं दोघांनाही पटकन आठवली. सालगड्यांची नाही. ते कर्जापोटी होते की पाडव्याला ठरवून ठेवलेले, हेही कुणाला सांगता येईना. गावात रझाकार येण्याची भीती होती तेव्हा ते दोघं कुठे झोपत होते, यावर आत्या म्हणाली, “ते असतील की गोठ्यात.”

सालगडी म्हणजे गुलाम असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं कुणबिणीच्या बाबतीत अन्यायाचं होईल. सालगडी पाडव्याला सौदा करतो, वर्ष भरलं की दुसरीकडे जाऊ शकतो, उचल फिटली असेल तर. आज आमच्याकडे सालगडी मिळत नाही म्हणून शेतकरी रडतात आणि मिळाला तर तो आपल्या अटी घालतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण भाषा तीच आहे. अर्ध्या गावाचे कर्ते पुरुष पुण्याला, संभाजीनगरला कामाला. मागे वहिनी, काकू शेत ‘बघतात’. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं, रात्री-अपरात्री येणाऱ्या लायटीवर पाणी देणं, हे वहिनींनी केलं असं आम्ही सांगतो. वहिनी राबतात, यात खोटं काही नाही. पण रात्री दोनला मोटर चालू करायला विहिरीवर कोण जातं, हे वाक्यात येत नाही. माझ्या क्षेत्रात माणसांना ‘रिसोर्स’ म्हणतात, दोन रिसोर्स वाढवा, एक रिसोर्स कमी करा. पहिल्या वर्षी कानाला खटकलं, आता मीही मीटिंगमध्ये तेच बोलते.

म्हणून कादंबरीकडून माझी अपेक्षा जास्त आहे. बोलण्यात माणूस गळतो, हे समजू शकतं. लिहिणाऱ्याने मात्र वाक्य थांबवून विचारायला हवं. आणि सामग्री नाही, ही सबब इथे चालत नाही. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग छापले. त्यापलीकडे पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतले रुमाल अजून आहेत. मालकिणीची गोष्ट लिहिणाऱ्याला तिच्या साडीचा काठ शोधायला जितका वेळ मिळतो, तितक्या वेळात जमाखर्चातली एक ओळ शोधता येईल.

माझ्या डोक्यात सध्या अशाच एका प्रकारच्या नोंदी घोळतायत. कुणबीण म्हातारी झाली, तिच्याच्याने काम होईना, की तिला सोडून देण्याची विनंती होई. कधी तिचे नातेवाईक पैसे भरत, कधी तिच्या बदल्यात दुसरी कुणबीण दिली जाई. आता ही बदली घडते तो दिवस धरा. घरातला पुरुष स्वारीवर आहे, म्हणजे बोलणी बाईसमोर होतायत. ओसरीवर एक म्हातारी, तिचा कोण कुठला भाचा आणि त्याने कुठूनतरी आणलेली एक चौदा-पंधरा वर्षांची पोर. मालकीण चांगल्या मनाची आहे. तिला म्हातारीची खरंच माया आहे, तीस वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायलंय. ती म्हातारीला जुनं लुगडं आणि शेरभर तांदूळ बांधून देते. मग पोरीचे हात बघते, दात बघते आणि कारकुनाला सांगते, लिहा.